साडेसहाला कुठे होतात?

कार्यालयात तिला सगळे ‘दीडतास’ म्हणत. पाहणीचा एक फॉर्म भरायला बाकीच्यांना अर्धा तास पुरायचा आणि हिला दीड तास लागायचा, म्हणून. मूळ विचार ‘दीडशहाणी’ म्हणायचा होता, पण ते तोंडावर म्हणता येईना, तेव्हा तडजोड झाली. नाव ठेवणारा तिच्याच टेबलावरचा सहकारी. त्याचे फॉर्म इतके झटपट भरून व्हायचे, की हा गृहस्थ घरात शिरतो की नुसता दारावरून जातो, अशी शंका यावी. तिच्या कानावर नाव गेलं तेव्हा ती म्हणाली, “मला एक तास चाळीस मिनिटं लागतात. नाव ठेवायचं तर नीट ठेवा.”

अशा बाईबरोबर राहणं सोपं नसतं. हे तिची आईही सांगेल आणि कोपऱ्यावरचा किराणावालाही सांगेल, ज्याला तिने एकदा भर दुकानात ‘साधारण’ या शब्दावरून उभं-आडवं घेतलं होतं. साधारण म्हणजे किती? पाच, पन्नास की पाचशे? स्वयंपाक तिला धड जमत नसे, लग्नाचा विषय तिने केव्हाच मोडीत काढला होता, आणि वादात हरणं तिला माहीत नव्हतं. पण प्रामाणिकपणा कशाला म्हणतात हे ज्याला बघायचं असेल, त्याने तिला एकदा पेन्सिल हातात घेऊन बसलेली बघायला हवं होतं.

अर्थशास्त्राशी तिची गाठ पडली ती रांगेमुळे. कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक विषयाच्या खिडकीपुढे माणसांची शेपटं लागली होती आणि अर्थशास्त्राच्या खिडकीत कारकून एकटाच बसून पेपर वाचत होता. ती सरळ तिथे गेली. वेळ वाचवण्यासाठी विषय निवडणं हा निर्णय पुरेपूर अर्थशास्त्रीय होता, हे तिला दुसऱ्या वर्षाला कळलं. घरी मात्र गोंधळ. आत्या म्हणाली, “म्हणजे तू बँकेत लागणार.” मामा म्हणाला, “मग साखर कधी उतरणार ते सांग.” अर्थशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला जन्मभर हेच दोन प्रश्न पुरतात. आई काहीच म्हणाली नाही. ती शिवणयंत्रावर बसली होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

याच शिवणयंत्राने पुढे वर्गात घोळ घातला. राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा चालू होता. शिकवणारे सर फळ्याकडे तोंड करून शिकवत, त्यामुळे मागच्या बाकांवर निम्मा वर्ग डुलक्या घेई. ती उठून उभी राहिली.

“सर, माझी आई दुकानाचे शर्ट शिवते, ते देशाच्या उत्पन्नात धरतात. मग त्याच मशीनवर, त्याच खुर्चीत बसून ती माझा फ्रॉक शिवते, तो का नाही धरत? दोऱ्याला कसं कळतं?”

वर्ग खदखदून हसला. सरांनी मात्र वळून पहिल्यांदाच वर्गाकडे तोंड केलं. थोडा वेळ खडू बोटांत फिरवून ते म्हणाले, “धरत नाहीत, कारण मोजलेलं नाही. मोजायला कोणी गेलंच नाही.” मग जरा थांबून, “परीक्षेत मात्र पुस्तकात आहे तेच लिही.”

तिने परीक्षेत पुस्तकातलं लिहिलं आणि डोक्यात दुसरं ठेवलं.

पदवीनंतर बरोबरची मंडळी पांगली. दोघं बँकेत गेले, एक विमा कंपनीत चिकटला, एकीने वर्तमानपत्रात शेअर बाजाराचं पान धरलं, एक पुढे शिकून तिथेच शिकवायला लागली. वर्गात पहिला आलेला मुलगा वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात बसला. त्याचं म्हणणं, मागणी आणि पुरवठा त्याला खरा तिथेच समजला. विषयच असा आहे, की तो घेऊन माणूस कुठेही जाऊ शकतो. म्हणून तर तो कुठेच नेत नाही असं लोकांना वाटतं. तिलाही बँकेचं बोलावणं आलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सांख्यिकी कार्यालयाची जाहिरात निघाली: घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्यासाठी पाहणीकार हवेत, नेमणूक अकरा महिन्यांची, कंत्राटी.

तिने बँक सोडली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारी बहीण आपल्याच नशिबी का, म्हणून दादा पंधरा दिवस बोलला नाही. “अगं, तिथे एसी आहे,” सोळाव्या दिवशी तो म्हणाला. तेवढंच.

कंत्राट अकरा महिन्यांनी संपायचं, पुन्हा मिळायचं, पुन्हा संपायचं. अशी वर्षांमागून वर्षं गेली. कार्यालयात कायम नोकरीवाल्यांना खुर्ची होती आणि कंत्राटी लोकांना नव्हती. रजेवर कोण आहे ते बघून त्याच्या खुर्चीत बसायचं, तो आला की उठायचं. ती या खुर्चीबद्दल कोणाशी बोलली नाही, पण तिला ती हवी होती. पाठीला कुशन बांधलेली, स्वतःची, कोणी उठवणार नाही अशी. निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा, आईच्या औषधांची सोय, हे सगळं त्या खुर्चीत बसलेलं होतं. कायम जागा निघाली तेव्हा वयाच्या अटीत बसायला तिच्याकडे शेवटचं वर्ष उरलं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे स्पष्ट होतं.

आणि त्याच वर्षी वेळेची पाहणी आली.

या पाहणीत माणसाने कालचा दिवस कसा घालवला ते विचारायचं. फॉर्मवर अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन. प्रत्येक चौकोनात झोप, जेवण, काम, प्रवास, करमणूक, जे असेल ते भरायचं. प्रश्न छापलेला होता: ‘या वेळेत तुम्ही कोणते काम केले?’ तो तिने दोनदा वाचला. मोजायला कोणी गेलंच नाही, असं सर म्हणाले होते. आता कोणीतरी चाललं होतं, आणि ती त्यातली एक होती.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. बायकांना विचारावं, कोणतं काम केलंत, तर उत्तर एकच: “काही नाही, घरीच असते.” एवढं बोलून ती बाई एका हाताने मूल सावरत, दुसऱ्या हाताने गॅस बारीक करायला जाई. आणि फॉर्मवर चौकोनांमागून चौकोन ‘रिकामा वेळ’ म्हणून भरत जात. तिसऱ्या दिवशी एका आजींनी तर तिला झापलंच. “काम कसलं गं या वयात? दिवसभर नुसती उभी असते.”

“कुठे उभ्या असता?” तिने सहज विचारलं.

“कुठे म्हणजे? सकाळी ओट्यापाशी. मग नळापाशी, पाणी जाईपर्यंत. मग फाटकाशी, नातवाची बस येईस्तोवर. मग पुन्हा ओट्यापाशी.”

ती पेन्सिल हातात धरून थिजली. बायका कामाला नाही म्हणतात, पण जागेला नाही म्हणत नाहीत. आपण काम करतो असं सांगायला त्यांना संकोच वाटतो. आपण कुठे होतो हे सांगायला कसला आलाय संकोच? त्या दिवसापासून तिने छापील प्रश्न सोडला. ती विचारू लागली, सहाला कुठे होतात? साडेसहाला कुठे होतात? आधी जागा, मग हातात काय होतं ते. म्हणून दीड तास लागायचा.

दोनशे चाळीस फॉर्म तिने असे भरले आणि रुबाबात जमा केले. आठवड्याभराने मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. इतरांच्या फॉर्ममधल्या बायका दिवसाला सरासरी पाच तास काम करत होत्या. हिच्या बायका नऊ.

“तुमच्याच भागातल्या बायकांना असं काय वेगळं पाणी मिळतं?” साहेबांनी विचारलं.

ती विचारण्याची पद्धत सांगू लागली, पण साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांनी फेरतपासणीचा आदेश काढला. दहा घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, तपासनीस एकटा जाणार. आकडे जुळले नाहीत तर फॉर्म खोटे धरायचे, कंत्राट रद्द, आणि कायम जागेच्या मुलाखतीचा प्रश्नच मिटला.

तपासनिसाला कार्यालयात ‘खोडरबर’ म्हणत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खोडरबर ठेवणारा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कमी बोलणारा माणूस. खोटे फॉर्म त्याला वासाने कळतात अशी ख्याती होती. पहिल्या दिवशी तो चार घरं करून आला आणि जिन्यात तिला गाठून म्हणाला, “बाई, चारपैकी चार घरं जुळत नाहीत. कुठे चार तास, कुठे साडेतीन. तुमचे नऊ-दहा कुठून आले?”

तिची पाचावर धारण बसली. पण घाबरली की ती जास्तच हट्टी व्हायची.

“साहेब, तुम्ही काय विचारलंत?”

“छापलंय ते. जसंच्या तसं.”

“मग उद्या मला बरोबर न्या. तुमचं सगळं विचारून होऊ द्या, फॉर्म बंद करा. मग मी विचारीन. तुम्ही नुसतं ऐका.”

नियमात ते बसत नव्हतं. खोडरबरने बराच वेळ कठड्यावर बोटं वाजवली. तीस वर्षांत पकडले गेलेले लोक त्याने पुष्कळ पाहिले होते. कोणी रडायचे, कोणी ओळखी सांगायचे. “तुम्ही काय विचारलंत?” असं उलट विचारणारी ही पहिलीच.

पाचवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. नवरा बस चालवायचा, सासरे अंथरुणाला खिळल्यासारखे, दोन मुलं शाळेत. घरातल्या सुनेने खुर्च्या पुसून दिल्या आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. खोडरबरने छापील प्रश्न विचारले. तिने छापील उत्तरं दिली. काही नाही, घरीच असते. स्वयंपाक, भांडी, झालं. बेरीज साडेतीन तास. त्याने फॉर्म मिटला आणि दीडतासकडे पाहून मान हलवली.

ती सरसावून बसली. “काल सकाळी सहाला कुठे होतात हो?”

“अंथरुणात.”

“साडेसहाला?”

“ओट्यापाशी.”

“सातला?”

“तिथेच. डबे.”

“साडेसातला?”

“बाथरूममध्ये.”

“अंघोळीला?”

“माझ्या नाही, मामंजींच्या. त्यांना धरून बसवावं लागतं, नाहीतर पडतात.”

खोडरबरने मान वर केली. ती एकेक अर्धा तास उचलत पुढे चालली होती, घाई नाही, कौतुक नाही, कीव तर अजिबात नाही. आठला कुठे? जिन्यात, धाकट्याला खाली सोडायला. साडेआठला? जिन्यात, पाण्याच्या कॅनसकट वर. दुपारी दोनला? पलंगावर.

“झोपला होतात?”

“छे. बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. मोठीची गणितं समोर होती. तिला एकीकडे सांगत होते.”

दुपारपासून रात्रीपर्यंत पोचायला आणखी पाऊण तास लागला. बेरीज पावणेदहा तास झाली. सून चौकट सोडून पुढे आली, वाकून फॉर्मवरून बोट फिरवू लागली, ओळीवरून ओळ.

“हे सगळं मी काल केलं?”

“तुम्हीच सांगितलंत.”

“काल तर काही विशेष नव्हतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हा कागद मला मिळेल?”

“नाही मिळायचा. कार्यालयाचा आहे.”

सुनेने फॉर्मवरचं बोट उचललं. आतून सासऱ्यांनी हाक मारली तशी आत गेली.

खाली फुटपाथवर आल्यावर खोडरबर उभाच राहिला. “उरलेल्या पाच घरी असंच विचारू,” तो म्हणाला. विचारलं. पाचही घरांत बेरीज आठ तासांच्या खाली आली नाही.

अहवाल लिहायला तो बसला, तेव्हा त्याने तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, पण आवाज मऊ होता. “आकडे खरे आढळले, असं लिहितो. तेवढंच. कसं विचारलं ते मी लिहीत नाही, तुम्ही बोलू नका. ‘प्रश्न छापील शब्दांतच वाचावा’ हा नियम आहे. तो मोडला असं कागदावर आलं, की फॉर्म बाद आणि मुलाखतही गेली. समजलं?”

तिला समजलं. खुर्ची एवढी जवळ पूर्वी कधीच आली नव्हती. ती हो म्हणाली आणि घरी गेली. दुसरा दिवस सुटीचा होता. तिने कपाट आवरलं, कारण नसताना दादाशी भांडली, आईच्या मशीनला तेल घातलं. आईने विचारलं, “दुखतंय का काही?” ती नाही म्हणाली. खरं तर तिला रडू येत होतं. ती जागा तिला मनापासून हवी होती आणि ती मिळवायला तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी ती दारात उभी होती.

“साहेब, कसं विचारलं तेही लिहा.”

खोडरबरने कुलपात किल्ली तशीच ठेवली. “हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?”

“बाकीच्यांनी एका मापाने मोजलंय, मी दुसऱ्या मापाने. दोन्ही एकत्र केलं तर येणारी सरासरी कशाचीच नाही. ती छापून येईल, लोक वापरतील, आणि त्यात खोट आहे हे फक्त तुम्हाला नि मला माहीत असेल. आणि माझी रीत बरोबर असेल, तर ती कागदावर नसल्यावर पुढच्या वेळी पुन्हा सगळे ‘काही नाही, घरीच असते’ लिहून आणतील.”

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

“कॉलेजात होतं की. दुसऱ्या वर्षाला. पुस्तक आहे माझ्याकडे अजून, हवं तर आणून देते.”

त्याने किल्ली फिरवून दार उघडलं. पुढे निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी त्याला विचारलं होतं, इतक्या वर्षांत लक्षात राहावं असं काय पाहिलंत? तेव्हा त्याने ही सकाळ सांगितली होती. म्हणाला होता, आकडे चोरणारे मी ढिगाने पाहिले. खरे आकडे हातात असून स्वतःविरुद्ध साक्ष देणारी एकच पाहिली. नाव मात्र त्याने घेतलं नाही, कारण ती तिथेच होती आणि तिला ते आवडलं नसतं.

त्याने दोन्ही लिहिलं. आकडे खरे, प्रश्न बदललेला, बदललेला प्रश्न कोणता तो शब्दाला शब्द, आणि शेवटी स्वतःची चार ओळींची शिफारस. मोठ्या साहेबांनी शिफारस वाचली की नाही कोण जाणे, नियम तेवढा वाचला. दोनशे चाळीस फॉर्म वेगळे काढून कपाटात बंद झाले. तिला सक्त ताकीद मिळाली. खोडरबर अडून बसला म्हणून कंत्राट तेवढं वाचलं. मुलाखतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, आणि पुढच्या वर्षी ती वयातून बाद झाली.

दादा म्हणाला, “मिळालं काय तुला त्यातून?” वादात ती गप्प बसलेली दादाने पहिल्यांदा पाहिली, आणि त्यालाच कसंसं झालं. त्याने विषय बदलला.

ती मात्र पुन्हा कामाला लागली. बाजारभावांची पाहणी, घरांची पाहणी, प्रवासाची पाहणी. शेजारची एक मुलगी कोणता विषय घेऊ म्हणून विचारायला आली, तेव्हा ती म्हणाली, “अर्थशास्त्र घे. पोटापुरतं कुठेही मिळेल. पण एकदा नीट बघायची सवय लागली की सुटत नाही, तेवढं लक्षात ठेव.” मुलीच्या आईला हे उत्तर आवडलं नाही. मुलीने अर्थशास्त्र घेतलं.

पाच वर्षांनी वेळेची पाहणी पुन्हा निघाली. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मोठ्या सभागृहात शंभरेक पाहणीकार, आणि समोर मुख्यालयातून आलेली तरुण अधिकारी. सगळ्यांना नवी पुस्तिका वाटली. दीडतास तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी तो नाव ठेवणारा सहकारी.

“पान अकरा उघडा,” अधिकारी म्हणाली. “या वेळी प्रश्न बदलला आहे. कोणतं काम केलं, असं विचारायचं नाही. आधी विचारायचं, या वेळेला तुम्ही कुठे होतात? मग, हातात काय होतं? मागे एका भागात हे करून पाहिलं होतं आणि उत्तरं फार वेगळी आली. ही सुधारणा तज्ज्ञ समितीने सुचवलेली आहे. वेळ जास्त लागेल, फॉर्ममागे दीड तास धरा.”

सहकाऱ्याने पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा लाल झाला. तो खुर्ची मागे सारून उठायला लागला. “मॅडम, तज्ज्ञ समिती कसली—”

तिने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. “बसा.”

“अहो, पण हे तुमचं आहे.”

“बसा म्हणते ना. पुढचं ऐकू द्या.”

तिने पेन्सिलीने पानावर खूण केली आणि हात वर केला. “मॅडम, बाई पलंगावर बसून घड्या घालतेय आणि तेव्हाच मुलीला गणित सांगतेय, तर त्या चौकोनात काय लिहायचं? काम तर एकच भरता येतं.”

अधिकारी पुस्तिका चाळत राहिली. उत्तर त्यात नव्हतं. “हे टिपून घेते,” ती शेवटी म्हणाली.

घरी आली तेव्हा आई खिडकीपाशी मशीनवर होती. डोळे अधू झाले होते, सुईत दोरा ओवायला आता लेक लागायची. तिने पर्स टाकली, दोरा ओवून दिला आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

“काय होतं आज?” आईने विचारलं.

“प्रशिक्षण. प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं.”

“एवढी वर्षं विचारतेयस, आणि अजून शिकवतात?”

“हो.”

“मग, आलं का तुला?”

“आलं,” ती म्हणाली. “आज सगळ्यांनाच आलं.”